बाजरीतली किल्ली

अयुब तांबोळी स्वतःची फजिती सांगायला बसला की आधी हसून घेतो, मग सांगतो. ऐकणाऱ्याला वाटतं, काय दिलदार माणूस आहे. खरं कारण एवढंच की ही गोष्ट न्हावऱ्यापासून दौंडपर्यंत सगळ्यांना माहीत आहे, आणि दुसऱ्याने मीठमसाला लावून सांगण्यापेक्षा आपणच सांगितलेली बरी, असं त्याने ठरवून टाकलंय.

गोष्ट दोन हजार नऊ सालच्या खंडेनवमीची. तेव्हा अयुब छत्तीस वर्षांचा होता. घर दौंडला, नोकरी न्हावऱ्याजवळच्या एका दूध संघात, हुद्दा सिस्टीम इनचार्ज. संघात सिस्टीमचं काम करणारा दुसरा कुणीच नव्हता, त्यामुळे हा इनचार्ज नेमका कुणावर, हा प्रश्न कधी निघाला नाही. शर्ट कायम इस्त्रीचा, खिशाला दोन पेनं, आणि दर तिसऱ्या वाक्याला 'बेसिकली'. बाजारात कुठल्याही प्रोग्रामचं नवं व्हर्जन आलं की अयुबच्या हाताला खाज सुटायची.

दोन वर्षांपूर्वी त्याने संचालकांना पटवून संघात मोठा सर्व्हर आणला होता. खोकं एकच, पण आत कम्प्युटर चार. न दिसणारे, पण असणारे. "चाळ एक, बिऱ्हाडं चार," असं त्याने मीटिंगमध्ये समजावलं होतं, आणि संचालकांनी माना डोलावल्या होत्या. पहिल्या बिऱ्हाडात दुधाचा प्रोग्राम, दुसऱ्यात कामगारांची हजेरी, तिसऱ्यात ईमेल. चौथं कशासाठी केलं होतं ते अयुबलाही नीट आठवत नव्हतं, पण तीन म्हणायला बरं दिसलं नसतं.

या बिऱ्हाडांना ना पडदा, ना बटण. त्यांना चालू-बंद करायचं तर ऑफिसातल्या साध्या कम्प्युटरवर एक वेगळा प्रोग्राम लागायचा. तो उघडला, पासवर्ड दिला, की चारही बिऱ्हाडं समोर ओळीनं दिसायची. त्या प्रोग्रामचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. संघात सगळे त्याला 'किल्ली' म्हणत.

सर्व्हर यायच्या आधी संघातलं दूध रखमाजी मामा लिहून घ्यायचे. बावीस वर्षं. कॅन आला की माप, फॅट, नाव, सगळं एकटाकी, छापल्यासारख्या अक्षरात. प्रोग्राम आल्यावर रजिस्टर बंद झालं आणि मामांना रात्रपाळीचा वॉचमन केलं. ते काही बोलले नाहीत. अयुब मात्र बोलला, आणि भरपूर बोलला. गावोगाव सभा घेऊन त्याने सांगितलं, "बेसिकली, हाताने लिहिलेल्यावर विश्वास ठेवू नका. मशीनची छापील चिठ्ठी हातात पडल्याशिवाय कॅन उलटा करू नका." पहिल्या सभेला मामाच टेबल-खुर्च्या मांडायला होते. ते मागे उभं राहून सगळं ऐकत होते. अयुबच्या ते तेव्हा ध्यानातही आलं नाही.

खंडेनवमीच्या आधी आठ दिवस सगळीकडे साफसफाई चालते. अयुबनेही काढली. ऑफिसातल्या दोन्ही कम्प्युटरवरची जुनी किल्ली त्याने पुसून टाकली आणि कुठूनशी मिळवलेली नवी, ताजी किल्ली बसवली. कपाटातल्या जुन्या सीड्या काढल्या, एकेकीवर मार्करने 'जुनी' असं ठसठशीत लिहिलं आणि पिशवीत भरून मामांना दिल्या. "मामा, बाजरीत बांधा. चमकतात चांगल्या. पाखरं फिरकणार नाहीत." त्या वर्षी ज्याच्या-त्याच्या शेतात सीड्या लोंबत होत्या, आपणही शेतीला हातभार लावला याचं अयुबला फार बरं वाटलं.

सर्व्हरला त्याने हात लावला नाही. तो बदलायचा तर दूध थांबवावं लागलं असतं. म्हणजे सर्व्हर राहिला जुना आणि किल्ली झाली नवी. आठ दिवस कुणाला काही जाणवलं नाही, कारण सर्व्हर चालूच होता आणि चालू असलेल्या सर्व्हरला किल्ली लावायची कुणाला गरज पडत नाही.

खंडेनवमीला सकाळचं दूध दहापर्यंत उरकलं आणि अकराला पूजा होती. कॅन धुवायचं मशीन, काटे, जनरेटर, टँकर, सगळ्यांना हळद-कुंकू आणि झेंडूच्या माळा. अयुबची पूजेला ना नव्हती. नारळ दरवर्षी तोच दौंडहून आणायचा. पण चेअरमन गेणबा आप्पा सर्व्हरच्या खोलीच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "ह्येला बंद कर."

"आप्पा, हा बंद करत नसतात."

"आरं, चालत्या मशिनीची कवा पूजा करत्यात व्हय? आजच्या दिस तिला इसावा द्यायचा आसतो. घरचा नांगरसुदिक आज भितीला टेकून ठिवलाय. ही काय त्येच्यापरीस मोठी लागून गेली का?"

अयुबला नाही म्हणता आलं असतं. पण भोवती पाच संचालक उभे होते, आणि 'मी म्हणेन तेव्हा हा बंद होतो आणि म्हणेन तेव्हा चालू होतो' हे दाखवायची अशी संधी वरचेवर येत नाही. त्याने बोटांनी चारही बाजूंना खुणा करून सगळ्यांना मागे सरायला लावलं आणि सर्व्हर बटण दाबून शांतपणे बंद केला. आप्पांनी खोक्याला पाच बोटं कुंकू लावलं. नारळाचं पाणी आत जाऊ नये म्हणून अयुब दोन्ही हात पसरून आडवा उभा राहिला, ते सगळं त्याच्या शर्टावर आलं.

साडेबाराला त्याने सर्व्हर चालू केला. पंखे घरघरले, हिरवे दिवे लागले. मंडळींनी टाळ्या वाजवल्या आणि जेवायला गेली. अयुब ऑफिसात येऊन बसला. चाळ जागी झाली म्हणून बिऱ्हाडं आपोआप जागी होत नाहीत, एकेकाचं दार वाजवावं लागतं. ती आपोआप उठावीत अशी सोय सर्व्हरमध्ये होती, नुसती एक खूण करायची होती. अयुबने दोन वर्षांत ती केली नव्हती, कारण सर्व्हर बंद करायची वेळ येईल असं त्याला वाटलंच नव्हतं.

त्याने किल्ली उघडली. पासवर्ड दिला. पडद्यावर चौकट आली. तिच्यातल्या इंग्रजीचा अर्थ असा, की हा सर्व्हर जुन्या व्हर्जनचा आहे, ही किल्ली नवी आहे, ती इथे चालायची नाही. या सर्व्हरसाठी त्याच्या जोडीची जुनी किल्ली लागेल. कंपनीच्या साइटवरून उतरवू का?

अयुबने 'हो' दाबलं. कोपऱ्यात वेळ उमटली: नऊ तास चाळीस मिनिटं. ती नऊ तास एकतीसवर आली तेव्हा भारनियमनात वीज गेली आणि टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या इंटरनेटसकट सगळं आडवं झालं. जनरेटर लागल्यावर पुन्हा शून्यापासून.

खरं म्हणजे किल्लीशिवायही, सर्व्हरसमोरच बसून दोन ओळींची आज्ञा टाइप केली असती तर दूध चालू झालं असतं. हे अयुबला पुढे दोन वर्षांनी कळलं. ज्या क्लासचं सर्टिफिकेट त्याच्या टेबलामागे फ्रेम करून लावलं होतं, त्यात ते शिकवलंही होतं. पण तो धडा झाला त्या दिवशी तो चहाच्या सुट्टीत जास्त वेळ रमला असावा.

त्याने सर्व्हर देणाऱ्या पुण्यातल्या माणसाला फोन लावला. रविवार, त्यात खंडेनवमी. तिकडून आवाज आला, "सर, सोप्पं आहे. सर्व्हरसोबत दिलेली सीडी घ्या, तिच्यात जुनी किल्ली आहे. जपून ठेवा असं मी तेव्हा चार वेळा बोललो होतो."

"हो हो, आहे ना, आहे," अयुब म्हणाला आणि फोन ठेवला. 

दूध तपासणारी सीमा जेवून आली. बाई कामाला चोख, डोळ्यांनीच निम्मं विचारायची. तिने पडदा पाहिला, अयुबचं तोंड पाहिलं. "सर, पाचला गाड्या येतील. कागदावर लिहून घेऊ का?"

"लोक घालणार नाहीत."

"का नाही घालणार?"

विचारता विचारता सीमालाच आठवलं. "हां. तुम्हीच सांगितलंत ना गावोगाव."

संध्याकाळचं दूध आठ हजार लिटर. सप्टेंबरचं ऊन असं की कॅन तासभर उघड्यावर राहिले तरी दूध नासणार. पंचवीस गावांतली माणसं चिठ्ठीसाठी अडून बसणार, आणि त्यांना तसं अडायला शिकवणारा माणूस इथे बसलेला. घड्याळात दोन वाजले होते. अयुबने मोटारसायकलला किक मारली.

मामांची बाजरी कालव्याच्या पलीकडे होती. कणसं भरून आली होती आणि शेतावर पाखरांचा नुसता बाजार भरला होता. मधोमध माळ्यावर मामांची बायको दगडाबाई गोफण घेऊन बसली होती. मामा रात्रपाळीनंतरची झोप मोडून बांधावर आले.

"मामा, त्या सीड्या. मागच्या आठवड्यात दिलेल्या. त्यातली एक पाहिजे."

"कंची?"

"ज्याच्यावर 'जुनी' लिहिलंय ती."

मामांनी वळून बाजरीकडे पाहिलं. "सायेब, समद्यांवर तुमी त्येच लिवलंय."

आणि खरंच. त्याच्या चौदा सीड्या, सगळ्यांवर 'जुनी'. त्यात मामांनी दुसरीकडून गोळा केलेल्या लग्नाच्या, गाण्यांच्या, औषधाच्या दुकानातल्या अशा मिळून त्रेचाळीस, दोऱ्यांनी काठ्यांना टांगलेल्या. खालून सगळ्या सारख्याच चमकत होत्या. हवी ती ओळखायची तर प्रत्येक सीडी हातात धरून मधल्या भोकाजवळचे बारीक आकडे वाचायला हवे होते.

"त्यानं पाखरं तरी जातात का हो?" अयुबने उगीच विचारलं.

माळ्यावरून दगडाबाईनं उत्तर दिलं. "कशाची जात्यात! त्यात त्वांड बघत्यात. एक चिमणी तर रोज सकाळी येती, नट्टापट्टा करून जाती."

अयुब बाजरीत शिरला. बाजरी डोक्याच्या वर गेलेली, सीड्या त्याहून वर. प्रत्येक काठीपाशी जायचं, हात उंच करून सीडी पकडायची, उन्हाकडे तिरपी धरायची, डोळे बारीक करून वाचायचं. दर वेळी डोळ्यांपुढे चकाकी यायची आणि तो ओरडायचा, "ही पण नाही!" पुढची काठी. "हीसुद्धा नाही, या अल्ला!" कणसं तोंडावर आपटत होती. इस्त्रीच्या शर्टाला नारळपाण्याचा डाग होता, आता त्यावर बाजरीचा कोंडा चिकटला. खिशातली दोन्ही पेनं कुठेतरी पडली.

विसाव्या काठीला त्याला जाणवलं की शेत गप्प झालंय. पाखरं उडून समोरच्या बाभळीवर गेली होती आणि तिथून त्याच्याकडे बघत होती. दगडाबाईनं गोफण मांडीवर ठेवली होती आणि पदरानं घाम पुसत होती.

"सायेब," ती म्हणाली, "आठ दिसांत पयल्यांदा शेत मोकळं झालं बघा. वरडत ऱ्हावा, थांबू नका."

अयुबला हसावं की रडावं कळेना. संघात त्याने इतकी यंत्रं आणली, इतकी नवी व्हर्जनं बसवली, पण आपलं काम इतकं डोळ्यांदेखत लागू पडलेलं त्याने पहिल्यांदाच पाहिलं. तो ओरडत राहिला.

एकतिसावी सीडी माळ्याच्या खांबाला होती. तिच्यावर पाखराची विष्ठा होती. अंगठ्याने पुसल्यावर आकडे दिसले आणि ते बरोबर होते. मार्करची 'जुनी' उन्हाने फिकी पडली होती, तिच्याखाली छापलेली 'जपून ठेवा' ही अक्षरं मात्र जशीच्या तशी होती. पावणेचार झाले होते.

ऑफिसात आल्यावर सीडी कम्प्युटरने वाचली नाही. आत गेली, घरघर झाली, बाहेर आली. पुन्हा घातली, पुन्हा बाहेर. वाऱ्याने खांबावर घासून ओरखडे पडले होते. अयुब खुर्चीत बसला आणि त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. सीमा म्हणाली, "आमच्या लग्नाची सीडी अडकली की हे टूथपेस्ट लावतात."

टूथपेस्ट मिळाली मामांच्या वॉचमनच्या खोलीत. सीमाने बोटावर थोडी घेतली, मधून कडेकडे अशी चोळली, धुतली, ओढणीनं पुसली. आत घातली. घरघर झाली, आणि या वेळी पडद्यावर खिडकी उघडली. बसवायला अजून पंचवीस मिनिटं लागणार होती.

बाहेर गाड्या येऊन लागल्या होत्या. ओट्यासमोर कॅनची रांग, रांगेत माणसं, वर ऊन. पाच वाजून गेले. "का थांबवलंय?" "चिठ्ठी न्हाई म्हनं." "चिठ्ठीबिगर घालायचं न्हाई, ठरलंय!" आपण पढवलेली वाक्यं अयुबला खिडकीतून जशीच्या तशी ऐकू येत होती. तो बाहेर आला. सगळ्यांना समजावून, पाया पडून, निदान दूध तरी ओतून घ्यावं, माप नंतर बघू, असं बोलायचं त्याने ठरवलं होतं. पण रांगेत सगळ्यात पुढे रखमाजी मामा उभे होते. हातात त्यांच्या दोन म्हशींच्या दुधाचा कॅन.

"मामा," अयुब हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही तरी घाला. तुम्हाला माहितीये काय झालंय ते."

"घातलं आसतं सायेब. पर तुमीच सभेत सांगितलं नव्हं, हातानं लिवल्यालं खरं धरू नका म्हनून?" मामांच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. त्यांनी ते ऐकलं होतं, पटवून घेतलं होतं आणि पाळत होते. "मी घातलं तर ही समदी घालतील. आन् उद्या कुनाचं माप चुकलं तर म्हंतील, मामानं घातलं म्हनून आमी घातलं. म्या बावीस वर्सं लिवलं सायेब, पर कुनाला तसं म्हनू दिलं न्हाई."

अयुबला शरम वाटली. शर्टाची नाही, सीडीची नाही, बाजरीत नाचल्याची तर मुळीच नाही. बावीस वर्षं ज्याच्या अक्षराकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं, त्या माणसाला मागे उभं करून आपण काय बोलून गेलो होतो, ते त्याला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं. तो आत वळला.

पाच वाजून अठरा मिनिटांनी जुनी किल्ली जुन्या सर्व्हरला लागली. चार बिऱ्हाडं पडद्यावर आली, चारही झोपलेली. अयुबने पहिल्याचं दार वाजवलं. दोन मिनिटांनी ओट्यावरचा प्रिंटर कुरकुरला आणि सीमाने खिडकीतून हाक दिली, "मामा, ओता!"

पहिली चिठ्ठी रखमाजी मामांची निघाली. आठच्या सुमाराला शेवटची गाडी गेली. दूध नासलं नाही.

गर्दी पांगल्यावर अयुबने मामांना ऑफिसात बोलावलं. टेबलावर दोन सीड्या होत्या, बाजरीतून आणलेली आणि आठ दिवसांपूर्वीची नवी. त्याने मार्कर पुढे केला.

"मामा, या जुनीवर काय आहे ते तुम्ही लिहा. माझ्या अक्षरावर माझाच विश्वास राहिला नाही."

मामांनी हात धोतराला पुसले, चष्मा लावला आणि छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं: 'सध्याच्या सर्व्हरची किल्ली. टाकू नये.' खाली तारीख आणि सही, रजिस्टरात करायचे तशी.

"आणि ही नवी घेऊन जा," अयुब वैतागून म्हणाला. "बांधा बाजरीत. ही जास्त चमकते."

मामांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग खाली ठेवली आणि तिच्यावरही लिहायला लागले. 'पुढच्या सर्व्हरची किल्ली. टाकू नये.' तारीख. सही.

"आवो सायेब," ते म्हणाले, "ह्यो सर्व्हर काय जलमभर ऱ्हातोय व्हय? कवातरी तुमी त्यो बदलणारच. तुमाला कुठं दम निघतोय. तवा ही लागंल. जवा-तवा म्या बाजरीत शोधत बसू का?"

दोन वर्षं पगार घेऊन जी गोष्ट अयुबच्या डोक्यात शिरली नव्हती, ती मामांनी दोन ओळींत लिहून कपाटात ठेवली. अयुबने कपाटाला कुलूप लावलं आणि त्याची चावी मामांच्या हातात दिली. मामांनी ती करगोट्याला बांधली.

दाराशी जाऊन ते थांबले. "आमच्या मंडळींनी इचारलंय."

"काय?"

"आता ती एक सीडी काढून न्हेल्यामुळं माळ्यापाशी पाखरं लई व्हतील. तर म्हन्ती, उद्याच्याला सायेब कवा येनार? टायमाचं सांगा म्हंजी ती तेवढ्यात जेवून घील."

दुसऱ्या दिवशी दसरा होता, अयुबला सुट्टी होती. दुपारी दोन वाजता तो कालव्याच्या पलीकडे बाजरीत होता. या वेळी घरचा जुना शर्ट घालून.